भरल्या पातेल्यापाशी

आतापर्यंतच्या प्रकरणांत मी माझंच लहानपण लिहीत आले: गुहागरची वाडी, आईची चूल, रत्नागिरीची शाळा आणि तिथे भेटलेलं इंग्रजी. हे प्रकरण मात्र, निहार आणि इरा, तुमच्या लहानपणातलं आहे. ते आम्हाला आठवेलच, असं तुम्ही म्हणाल. पण ज्याचं त्याला आपलं लहानपण अर्धवटच आठवतं, हे मला आता लिहायला बसल्यावर कळतं आहे. आईची चूल मला स्पष्ट दिसते, पण त्या चुलीपुढे मी कशी बसत असे हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. म्हणून तुमचा एक उन्हाळा मी इथे लिहून ठेवते. त्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं आमच्या आंब्याच्या खोलीत बसून एका खेळासाठी भूक, थंडी आणि तंबू निवडत होतात. कॅल्गरीचं तुमचं घर मोडणार होतं आणि तुम्हा बहीणभावांना दोन शहरांत राहावं लागणार होतं. हे तुम्हाला माहीत होतं, मला नव्हतं.

तुमची आई माधवी तुम्हाला घेऊन आली ती मे महिन्यात, तिथल्या शाळा चालू असताना. मी जन्मभर मुलींना इंग्रजी शिकवलं, त्यामुळे पोरं दारात उभी असताना माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "अगं, शाळा चालू असताना काढून आणलंस?" माधवी म्हणाली, "यंदा चालतंय, आई." शाळेच्या बाबतीत असं कधी चालत नाही. पण ती दमलेली दिसत होती आणि इरा माझ्या कमरेला मिठी मारून उभी होती, म्हणून मी पुढे विचारलं नाही. आठवडाभराने माधवी "कामं पडली आहेत" म्हणून परत गेली आणि घरात आपण चौघं उरलो: मी, आजोबा, निहार आणि इरा. निहार, तुझ्या ओठांवर तेव्हा नुकती मिशीची रेघ आली होती. इरा, तू दिवसभर केसांत माझ्या चिमट्यांची रांग लावून हिंडत होतीस.

घर तेव्हा सगळं आंब्यांच्या ताब्यात होतं. सकाळी बागेतून घळ ओढल्याचा आवाज यायचा. घळ म्हणजे टोकाला जाळी बांधलेला लांब बांबू. आंबा जाळीत पडला की फांदी सुटून वर जाते आणि पानांचा सळसळाट होतो, तो मला अंथरुणातून ऐकू येतो. मागच्या खोलीत भाताच्या पेंढ्यावर आंबे मांडून अढी घातलेली होती. ती खोली घरातली सगळ्यांत थंड, आणि इंटरनेटची डबीही आजोबांनी तिथेच भिंतीवर ठोकून घेतलेली, म्हणून तुम्ही तुमचे दोन्ही लॅपटॉप घेऊन तिथेच मुक्काम ठोकलात. अढीच्या वासाने डोकं कसं चढत नाही तुमचं, असं मी रोज विचारायची. इरा म्हणायची, "आजी, हा वास डाउनलोड करता आला पाहिजे." स्वयंपाकघरात माझी आगोट चालली होती. पावसाळ्याचे चार महिने बाजार, मासे, ऊन यांचा भरवसा नसतो, म्हणून आम्ही मे महिन्यातच सगळं भरून ठेवतो: सुके बांगडे, सोडे, आमसुलं, खारवलेले गरे, पोह्याचे पापड, लाकडं. माझ्या बरण्यांवर चिठ्ठ्या असतात आणि चिठ्ठ्यांचा क्रम कपाटातल्या क्रमाशी जुळतो. आजोबा मला म्हणतात की तू मेल्यावर तुझ्या कपाळावरही चिठ्ठी लावावी लागेल, नाहीतर तुला कुठे ठेवायचं ते कुणाला कळणार नाही.

एके दिवशी आंबे उलटायला मी अढीत शिरले आणि निहारचा आवाज आला, "भूक तर हवीच. भुकेशिवाय काही अर्थ नाही."

"मग थंडी?" इराने विचारलं.

"थंडी हवी. ओलं झाल्यावर जास्त थंडी वाजणारी हवी. आणि झटपट प्रवास बंद. चालत जायचं."

मी हातातला आंबा तसाच धरून उभी राहिले. मला वाटलं, पोरांना कुठल्या शिबिराला पाठवताहेत की काय. निहारने पडदा माझ्याकडे वळवला. बर्फाचे डोंगर, पाइनची झाडं, लांब कुठेतरी किल्ला, आणि पाठीवर तलवार लटकवलेला एक दांडगा माणूस. खेळ जुना, जगभर खेळला जाणारा. त्यात ड्रॅगन आहेत, जादूगार आहेत, त्यांच्याशी लढायचं. पण तुम्ही त्या वेळी ड्रॅगनकडे पाहतही नव्हतात. तुम्ही मॉड निवडत होतात. मॉड म्हणजे खेळ बनवणाऱ्यांनी न घातलेली, बाहेरच्या कुणीतरी बनवून दिलेली भर. ती आपल्याला हवी तर आपण आपल्या खेळात घालायची. "आणि ही माणसं ती फुकट बनवतात?" मी विचारलं. हो, फुकट. कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा माणसाने आपल्या कित्येक संध्याकाळी घालवून भूक तयार केली होती आणि ज्याला हवी त्याने घेऊन जा म्हणून ठेवून दिली होती. मी थक्क झाले. आमच्या पिढीने जन्मभर जिला घराबाहेर ठेवण्यासाठी बरण्या भरल्या, ती भूक माझी नातवंडं निवडून, पारखून, आपल्या हाताने आत घेत होती.

"अरे पण मूळ खेळात काय होतं?"

"मूळ खेळात माणूस जेवतच नाही, आजी. बर्फात उघडा हिंडला तरी त्याला काही होत नाही. झोपायची पण गरज नाही."

"मग बरंच आहे की!"

"बरं काय?" निहार चिडूनच म्हणाला. "एवढी गावं आहेत, घरं आहेत, खाणावळी आहेत, प्रत्येक घरात चूल आहे. आणि कुणाला त्यांची गरजच नाही. घरं नुसती शोभेची."

त्याचं ते बोलणं मला तेव्हा हुशारीचं वाटलं. मास्तरणीला आवडावं असं वाक्य होतं. ते एवढ्या जोरात म्हणायचं त्याला काय कारण, हा प्रश्न मला पडला नाही.

पुढचे काही दिवस घरात दुसरा विषय नव्हता. घावन तव्यावर असताना, बांगडे तळताना, आजोबा झोपाळ्यावर पेपर वाचत असताना, तुम्ही दोघं वाद घालत हिंडत होतात. भुकेचेसुद्धा प्रकार होते. एकीत भूक हळूहळू चढायची. एकीत अन्न नासायचं. एकीत कच्चं मांस खाल्लं तर माणूस आजारी पडायचा. आजोबा झोपाळ्यावरून ओरडले, "भूक हवी तर आजीच्या एकादशीला या. साबुदाणा कधी मिळेल ते देवालाही ठाऊक नसतं." मी म्हटलं, "तुम्हाला कधी उपाशी ठेवलंय?" ते म्हणाले, "तेच तर. पन्नास वर्षं खेळतोय, पण हा मॉड कधी सुरूच झाला नाही." इरा हसून हसून आडवी पडली.

मला हळूहळू त्यात रस वाटू लागला, कारण त्यात क्रम होता. कुठला मॉड आधी लागायचा आणि कुठला नंतर, याची शिस्त असते. ती चुकली तर खेळ सुरूच होत नाही. हे मला पटलं. तेल तापायच्या आधी मोहरी टाकली तर ती तडतडत नाही, त्यात मोहरीचा दोष नसतो. पण एक गोष्ट पाहून मी हादरले. तुम्ही थंडीचा मॉड एका माणसाचा घेतला होता आणि तंबूचा दुसऱ्याचा. निहारचा तो दांडगा माणूस वादळात तंबूत शिरला, कातड्याच्या अंथरुणावर बसला, आणि तरीही गारठत राहिला. त्याचे हात निळे झाले, पडद्याच्या कडांवर बर्फ साचला, आणि बाहेर मरावं तसा तो तंबूच्या आत मेला.

"अरे, छपराखाली बसला होता ना?"

"तंबूला थंडी माहीतच नाहीये, आजी," निहार म्हणाला. "दोन वेगळ्या लोकांनी बनवलंय ना. थंडीला पण माहीत नाही की हा तंबू आहे. तिला वाटतं तो उघड्यावर बसलाय. दोघांची ओळख करून देणारा तिसरा मॉड शोधावा लागेल."

मी आंबे उलटायचे विसरून तिथेच पेंढ्यावर बसले. छप्पर आहे, अंथरूण आहे, आणि माणूस आत गारठून मरतो. असलं काही मी कधी ऐकलं नव्हतं.

मग मोठ्या तंबूवरून भांडण झालं. इराला एक थोरला, शोभिवंत तंबू सापडला होता. त्यात चार अंथरुणं होती, मध्ये चूल, चुलीवर मोठं पातेलं, दाराशी रंगीत कंदील. निहार म्हणाला, "नको. तुझ्या लॅपटॉपवर तो चालणार नाही. जड आहे."

"मग तुझ्यावर चालवू."

"इरा, दोन्हीकडे अगदी सेम लागतं. सगळे मॉड सेम, क्रम सेम. एक जरी कमी-जास्त झाला तरी आपण एकमेकांना दिसणार नाही."

मी कैरीच्या फोडी वाळत घालून नुकती आत येत होते. हसत म्हटलं, "दिसणार नाही म्हणजे काय रे? मांडीला मांडी लावून तर बसता."

निहार, तू पडद्याकडे बघत राहिलास आणि उगीचच माउस इकडून तिकडे हलवत राहिलास. इरा, तू केसांतला एक चिमटा काढलास, परत लावलास. मग तू म्हणालीस, "आम्ही एका घरात नसणार ना, आजी."

"इरा!" निहार ओरडला. "सांगायचं नव्हतं!"

"मी नाही सांगितलं. तिने विचारलं."

खोलीत पंखा फिरत होता, बाहेर घळीचा सळसळाट झाला, एक आंबा जाळीत न पडता खाली आदळला. मी इराच्या जवळ बसले. मग दोघांनी मिळून, एकाने सोडलेलं वाक्य दुसऱ्याने उचलत, मला सांगितलं. आई-बाबा वेगळे होणार. बाबा कॅल्गरीत राहणार, आईला टोरोंटोत नोकरी मिळाली आहे. निहारची शाळा संपत आली आहे, त्याला मध्येच हलवायचं नाही, म्हणून तो बाबांकडे. इरा आईकडे. घर विकायला काढलंय. तुम्ही दोघं इथे असताना तिथे सामान दोन ठिकाणी जाणार होतं. आजीला इतक्यात काही सांगायचं नाही, आई स्वतः सांगणार. आणि म्हणून हा खेळ. म्हणून भूक सारखी हवी, थंडी सारखी हवी, आणि तंबू तोच हवा, दोन शहरांत.

मुलगी आठवडाभर माझ्या हातचं जेवून, माझ्याशी पापडाच्या पिठाबद्दल बोलून गेली होती. आणि पोरं महिनाभर हे ओझं घेऊन माझ्या अढीत बसली होती आणि मी त्यांना सांदणं भरवत होते.

मी माधवीला फोन केला. तिने हॅलो म्हणताच मी म्हटलं, "मला कळलं." ती म्हणाली, "आई, मी सांगणार होते. पण तू लगेच कागद घेऊन बसली असतीस. आधी काय, मग काय, कुणाशी बोलायचं, काय टाळता येईल. मला ते तेव्हा झेपलं नसतं."

खरं होतं ते. मी फोनपाशी बसताना कागद घेऊनच बसले होते. तो मी उलटा घातला. "पोरांना वेगळं नको करूस," एवढंच मी म्हणू शकले.

"दुसरा मार्ग सापडला असता तर केलं असतं का?" माधवी म्हणाली. तुमच्या बाबाबद्दल ती एक वाईट शब्द बोलली नाही, त्यानेही तिच्याबद्दल मला कधी ऐकवला नाही. दोन्ही माणसं चांगली आहेत. छपरालाही दोष नव्हता आणि अंथरुणालाही नव्हता. त्या दिवशी मात्र मला कुणाला तरी दोष द्यायचा होता आणि कुणी सापडत नव्हतं.

दुपारी मी आंब्याच्या खोलीत परत गेले आणि म्हटलं, "तो मोठा तंबूच घ्या. हलका करून घ्या, कंदील काढा, काय वाटेल ते करा. त्यात चार अंथरुणं आहेत ना? एक माझं."

निहारने वर पाहिलं. "तू खेळणार?"

"मी चूल सांभाळीन. लढाया मला जमायच्या नाहीत."

बाहेरून आजोबा म्हणाले, "आता ही ड्रॅगन मारणार! घरातला एक वठणीवर आणला, तो पुरला नाही का गो?"

इराने माझं पात्र तयार केलं. खेळात सगळ्या बायका तरण्याताठ्या आणि दणकट असतात. तिने केस पांढरे केले आणि सुरकुत्यांची पट्टी शेवटपर्यंत ओढली. "एवढ्या?" मी विचारलं. "खऱ्या आहेत तेवढ्याच," ती म्हणाली. मग तिने मला एक लोकरीचा झगा घातला, हातात पळी दिली, आणि त्या पांढऱ्या डोंगरात, मोठ्या तंबूत, चुलीपाशी नेऊन बसवलं. मी, जिने अंगावर कधी शालीपेक्षा जाड काही घेतलं नाही, ती माझ्याच सुरकुत्यांकडे बघत बर्फात बसले.

सरावासाठी तुम्ही ठरवलंत की लांब जाऊन पाहायचं. निहारने आपला लॅपटॉप पुढच्या पडवीत नेला, इरा त्याला रस्ता दाखवायला शेजारी बसली. मी आत, इराच्या लॅपटॉपपुढे. मला एवढंच काम दिलं होतं: तुम्ही शिकार घेऊन येईपर्यंत असलेल्या भाज्यांचं कालवण करून ठेवायचं. कापणं, टाकणं, ढवळणं, सगळ्याला बटणं होती आणि ती मी नीट पाठ केली होती. कालवण झालं. पातेल्यावर वाफ आली. ती खोटी वाफ पाहून मला खरंच बरं वाटलं. मग मी बसून राहिले. बाहेर वादळ घोंघावत होतं. पडवीतून तुमचे आवाज येत होते, "डावीकडे, दादा, डावीकडे! लांडगा!" तुम्ही काही लवकर परतत नव्हतात. माझ्या पडद्यावरच्या बाईच्या पोटात गुरगुरायला लागलं. कोपऱ्यातलं एक चिन्ह पिवळं झालं, मग लाल. मी पाहत होते, पण मला वाटलं, येतीलच आता. चूल विझू नये म्हणून मी लाकूड सारलं. पडद्याच्या कडा काळ्या पडू लागल्या. मी पातेलं ढवळलं, म्हणजे खाली लागायला नको. आणि माझ्या डोळ्यांदेखत ती पांढऱ्या केसांची बाई पळीसकट पुढे कोसळली.

मी ओरडले असणार, कारण तुम्ही दोघं धावत आलात. निहारने पडदा पाहिला. "आजी! तू मेलीस!"

"कोण मेलं?" आजोबा झोपाळ्यावरून उठून आले.

"आजी. भुकेने." निहार वाकून पाहत होता. "पण पातेलं तर भरलेलं आहे! तुझ्या समोर आहे! तू खाल्लं का नाहीस? बटण सापडलं नाही?"

"बटण ठाऊक होतं."

"मग?"

"तुम्ही कुठे जेवला होतात अजून?"

तुम्ही दोघं माझ्याकडे असे पाहत राहिलात की मला माझ्याच उत्तराचा धक्का बसला. निहार म्हणाला, "लोक थंडीने मरतात. अस्वल मारतं. अन्न शेजारी असताना उपाशी मेलेलं मी कुणी पाहिलं नाही. असं कुणी मरतच नाही, आजी!"

इरा हळूच म्हणाली, "घरी पण ती आपल्यानंतरच जेवते, दादा. रोज. मी पाहिलंय."

मला गुहागर आठवलं. आमची आई सगळ्यांच्या मागून जेवायची. वडील, काका, पाहुणा असला तर पाहुणा, आम्ही मुलं, मग ती. पुढच्या पंक्तीला वाढताना पळी भाताच्या पातेल्याच्या तळाला लागली की एक खरखर यायची. ती ऐकू आली की मी भात नको म्हणायची. पोट भरलं, असं सांगायची. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि आईला ते कळत होतं की नाही हेही मला ठाऊक नाही. पुढे मी इंग्रजी शिकले, मुलींना शिकवलं, वर्गात स्त्री-पुरुष समान आहेत यावर निबंध लिहून घेतले, घरी आजोबांना आपलं ताट आपण उचलायला लावलं. पण पानावर आधी बसणं मला कधी जमलं नाही. सगळे उठले, भांडी सरकली, घर शांत झालं, की मगच माझ्या घशाखाली घास उतरतो. ते इतकं अंगात मुरलं होतं की एका खोट्या जंगलात, खोट्या पातेल्यासमोर, खोटी भूक लागलेली असतानाही माझा हात पुढे झाला नाही.

निहार म्हणाला, "तुझ्यासाठी भूक बंद करून टाकतो. तुझ्या एकटीची काढता येते."

"नको," मी म्हटलं. "माझी भूक काढू नकोस."

"मग आधी खात जा!"

"तुम्ही वेळेवर येत जा."

आजोबा म्हणाले, "पोरांनो, वाद घालू नका. मी घालून पाहिलाय." आणि मग ते स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी जेवताना त्यांनी माझं पान तुमच्या पानांशेजारी मांडलं आणि मी बसेपर्यंत भाताला हात लावला नाही. मी बसले. मला एक घास गेला नाही, पण बसले.

तुम्ही परत गेलात. विमानतळावरून निघालात तेव्हा एकत्र होतात, आणि तिकडे उतरल्यावर एक इकडे आणि एक तिकडे. ते मी पाहिलं नाही. देवाने एवढं केलं. आजोबांनी कुरकुरत माझ्यासाठी एक कॉम्प्युटर आणला. दुकानात त्यांनी सांगितलं म्हणे, "आमच्या मिसेसना ड्रॅगन स्पष्ट दिसले पाहिजेत." निहारने लांबूनच त्यात सगळं भरून दिलं, तेच मॉड, त्याच क्रमाने. रविवारी सकाळी माझी इथे पहिली कामं आटोपलेली असतात, तिकडे तुमची शनिवारची संध्याकाळ असते, आणि आपण तिघं त्या तंबूत भेटतो. आता तंबूला थंडी ठाऊक आहे. आत शिरलं की बर्फ वितळतो. चौथं अंथरूण रिकामं आहे. त्यावर इराने आजोबांसाठी एक चामड्याची पिशवी ठेवली आहे, ते कधी आले तर.

पहिले महिने तुम्ही दोघं माझ्या आधी हजर असायचात. मग निहार उशिरा येऊ लागला. नवे मित्र झाले, हॉकी सुरू झाली, शनिवारच्या संध्याकाळी तिकडे काय काय असतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. त्या वयात तसंच व्हायला हवं. मला काळजी वाटली ती इराची. ती तंबूत येऊन बसायची, दाराकडे बघायची आणि म्हणायची, "दादा येईल ना?" एका रविवारी तो आलाच नाही. इराने कालवण खाल्लं, तिचं चिन्ह हिरवं झालं. माझं पिवळं होतं.

"आजी, तू खा ना."

"निहार येऊ दे."

"तो नाही येणार आज."

"येईल. थांबते मी."

पिवळ्याचं लाल झालं. इराने घाईघाईने फोन लावला. मला तिचं बोलणं ऐकू येत होतं: "दादा, आजी खात नाहीये! मरेल ती! मस्करी नाही, कडा काळ्या व्हायला लागल्यात, तू ये!" मी लाकूड सारलं. पातेलं ढवळलं. थोड्या वेळाने बर्फातून कुणीतरी पळत येताना दिसलं, धडपडत, तलवार पाठीवर आपटत. निहार तंबूत शिरला आणि कानात त्याचा खराखुरा धापा टाकणारा आवाज आला. जिना चढून धावत आला होता म्हणे. "आजी, खा! बटण माहीत आहे ना तुला?"

"आधी तू."

तो बसला. जेवला. इरा त्याच्या शेजारी सरकली. मग मी खाल्लं, आणि कडा उजळल्या. त्यानंतर बराच वेळ कुणी उठलं नाही. तुम्ही दोघं शाळेबद्दल, बाबांच्या नव्या स्वयंपाकाबद्दल, आईच्या नव्या चष्म्याबद्दल बोलत राहिलात, आणि मी ऐकत राहिले. त्या दिवसापासून निहारने एकही रविवार चुकवलेला नाही.

आजोबा मला विचारतात, "इतक्या महिन्यांत तुला आधी खायला जमत नाही?" इरालाही वाटतं की माझी सवय अजून गेली नाही. तर हे आता लिहूनच ठेवते. सवय गेली आहे. घरी मी तुमच्या आजोबांबरोबर पानावर बसते आणि कधीकधी त्यांच्या आधीही जेवते. बटण कुठलं ते मला ठाऊक आहे आणि डोळे मिटून दाबता येतं. येत्या रविवारी पातेलं भरलेलं असेल, चिन्ह लाल होईल, आणि तुम्ही दोघं आत येऊन बसेपर्यंत मी ते दाबणार नाही.